चेहरा, जसाच्या तसा

“तुमचं काम झालं,” असं म्हणून मामींनी एक पासपोर्ट काउंटरवर ठेवला. दुसऱ्या पाकिटातून पासपोर्टाबरोबर एक कागदही निघाला. तो त्यांनी दोनदा वाचला आणि नवऱ्यापुढे सरकवला. “माझा व्हिसाचा अर्ज परत आलाय. फोटोमुळे.”

“फोटोमुळे?” फोटोमामांना हसूच आलं. “शक्यच नाही.”

सगळी गल्ली त्यांना फोटोमामाच म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला ओघानेच मामी. परदेशी निघालेला प्रत्येक माणूस आधी त्यांच्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसून जायचा. कुठल्या देशाला फोटोत डोकं केवढं लागतं, कुणाला मागचा पडदा पांढरा हवा आणि कुणाला करडा, हे मामांना पाठ होतं. फोटोबरोबर सल्लाही फुकट मिळायचा. “तारखा सगळ्या कागदांवर सारख्या आहेत ना, बघा. मागच्या वेळचा उरलेला फोटो चिकटवू नका. रकाना रिकामा सोडू नका. आणि काहीही लपवायला जाऊ नका, ते बरोबर तिथेच बोट ठेवतात.” त्यांनी काढलेला फोटो आजवर कुठूनही परत आला नव्हता. आता आला होता, तोही घरचाच.

कागदावर लिहिलं होतं की सादर केलेल्या छायाचित्रात फेरफार दिसतो, त्यामुळे अर्जदाराची ओळख निश्चित होत नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्रात बोटांचे ठसे देताना तिथल्या कॅमेऱ्याने मामींचा चेहराही टिपला होता. तो चेहरा आणि अर्जावरचा फोटो जुळत नव्हते.

मामांनी संगणकावर फोटो उघडला. मामींच्या खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता. फोटोत तो नव्हता. शेजारच्या त्वचेचा रंग उचलून तो असा काही झाकला होता की जोड शोधून सापडू नये.

“हे मी कधी केलं?” मामा स्वतःलाच विचारत होते. गिऱ्हाइकांच्या व्हिसाच्या फोटोला ते कधी हात लावत नसत, मागे लागलं तरी नाही. हा मात्र घरचा फोटो म्हणून उघडला होता आणि हात आपल्या सवयीने चालला होता.

“कमाल आहे,” मामी म्हणाल्या. “गल्लीनं इतकी वर्षं मामा म्हटलं, आणि शेवटी तुम्हीच स्वतःला मामा बनवलंत.”

पण त्यांचा आवाज हसत नव्हता. लेकीचे दिवस भरत आले होते. जावई बोटीवर, महिनोन्महिने समुद्रात. परक्या देशात लेक एकटी होती आणि आईची वाट बघत होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“बाबा, नुसता नवा फोटो लावून चालणार नाही. अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरायचा. आईचा पासपोर्ट जुना आहे, त्यातल्या फोटोत डाग नाही, कारण तेव्हा तो चेहऱ्यावरही नव्हता. म्हणून डाग नंतर आला असं डॉक्टरांचं पत्र हवं. आणि फेरफार का झाला, ते तुम्ही लिहून द्यायचं.”

“तोवर तुम्ही पुढे जा,” मामी नवऱ्याला म्हणाल्या. “तुमचा शिक्का आलाय.”

“मी जाऊन काय करू? बाळाला म्हणू, इकडे बघ, हस?”

“नको गं आई,” फोनमधून लेक म्हणाली. “बाबा एकटे आले तर मला दोन बाळं सांभाळावी लागतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी स्टुलावर बसल्या. मामांनी पडदा ओढला, दिवे लावले, कॅमेऱ्यातून पाहिलं. मग डावीकडचा दिवा थोडा पुढे घेतला. समोरून उजेड वाढला की गालाचा रंग उजळतो आणि पांढरा डाग त्यात विरून जातो.

“दिवा का सरकवलात?”

मामा दिव्याची वायर सारखी करू लागले.

“होता तिथे न्या.”

त्यांनी दिवा मागे नेला. कॅमेऱ्याला मात्र हात लावला नाही.

“एक विचारू? अर्जाचे ते फोटो तूच कापलेस ना? तेव्हा दिसलं नाही तुला?”

“दिसलं की.”

“मग बोलली का नाहीस?”

मामींनी मांडीवरचा पदर सारखा केला. “लेकीच्या लग्नात मी म्हटलं होतं, फोटोतला तेवढा डाग घालवा. चार लोक बघणार, म्हणून. एकदाच म्हटलं होतं. त्यानंतर तुम्ही विचारलंच नाहीत. प्रत्येक फोटोत घालवतच राहिलात. मला वाटलं, तुम्हाला बघवत नसेल.”

“मला?” मामा कॅमेऱ्यामागून बाहेर आले. “अगं, मला वाटत होतं तुला बघवत नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून मी...”

“इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं.”

“धन्य आहे,” मामी म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, आणि नाक लाल झालं म्हणून फोटो आणखी थोडा लांबला.

स्पष्टीकरणाचं पत्र मामांनी आधी पानभर लिहिलं. लेकीने त्यातलं बरंचसं गाळायला लावलं. शेवटी उरलं ते असं : “मी व्यवसायाने छायाचित्रकार आहे. अर्जदार माझी पत्नी आहे. तिच्या चेहऱ्यावरचा डाग मी सवयीने फोटोतून काढला. तिने तसे सांगितले नव्हते. चूक माझी आहे. सोबतचा फोटो जसाच्या तसा आहे.”

केंद्रातल्या मुलीने पत्र वाचलं, डॉक्टरांचा कागद लावला. मग तिने फोटो हातात घेऊन मामींकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे, पुन्हा मामींकडे. अशा वेळी मामी एरवी तोंडाला रुमाल लावत. आज रुमाल पर्समध्येच राहिला.

“मावशी, इकडे कॅमेऱ्यात बघा.”

मामींनी पाहिलं.

अर्ज गेला. बाळ मात्र थांबलं नाही. लेकीच्या शेजारणीने तिला दवाखान्यात नेलं आणि मामींनी नात पहिल्यांदा पाहिली ती फोनमध्ये, दुपट्यात गुंडाळलेली, मिटल्या डोळ्यांची. लेक थकलेल्या आवाजात म्हणाली, “आई, मला नीट घेताही येत नाहीये हिला.” मामी इथून सांगत राहिल्या, मान धर, मानेखाली हात घाल, हं, अशी. सांगताना त्यांचा स्वतःचा हात हवेत वाकला होता.

फोन ठेवल्यावर मामा म्हणाले, “माझ्यामुळे चुकलं तुझं.”

“बाळंतपण चुकलं,” मामी म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “ते चुकलंच.”

पुढच्या आठवड्यात पासपोर्ट आला. आत व्हिसा होता. त्याच्या कागदावर मामींचा चेहरा छापला होता, करडा, अंगठ्याएवढा. चेहऱ्यावरून बारीक नागमोडी रेषा गेल्या होत्या आणि त्या रेषांमधून डाग स्पष्ट दिसत होता. मामा तो दिव्याखाली धरून बघत राहिले.

“अहो, काय बघत बसलात?” आतून हाक आली. “ही बॅग बंद होत नाहीये. या, बसा हिच्यावर.”

मामा आत गेले आणि बॅगेवर बसले. मामी गुडघे टेकून चेन ओढू लागल्या.

“जरा पुढे सरका.”

ते सरकले. पासपोर्ट त्यांच्या हातात उघडाच होता.