मारुतीच्या देवळापाशी

या, असे जवळ सरका. बुवांना यायला अजून अवकाश आहे, टाळ मांडीवरच राहू द्या. तोवर बिडकीनकडच्या एका टाळकऱ्याची गोष्ट सांगतो.

रामकिसन त्याचं नाव. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, हा उभा. दिवसा कंपनीत हेल्पर. घर शेतात, गावापासून चांगलं अडीच किलोमीटर. पण त्या वस्तीवरच्या कुणालाही विचारा, राहता कुठं? तो म्हणणार, मारुतीच्या देवळापाशी; देऊळ मात्र गावात. पाहुणा तिथंच उतरतो, टपाल तिथंच येतं, लग्नपत्रिकेवरही तेच छापतात.

पोरगी श्रेया पहिलीला बसायची होती. इंग्रजी शाळांत गरिबांच्या लेकरांना पंचवीस टक्के जागा फुकट असतात. त्यांचा ऑनलाइन अर्ज भरायला रामकिसन बाजारातल्या संगणकाच्या दुकानात गेला. दुकानदारानं नकाशा उघडून विचारलं, "घर कुठंय, काका?"

"मारुतीच्या देवळापाशी."

त्यानं देवळावर खूण केली. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी, म्हणून सोडतीत श्रेयाचं नाव निघालं. बायको सोनियानं वस्तीवर पेढे वाटले.

मग कागद तपासायला पंचायत समितीत बोलावणं आलं. रेशनकार्डावर पत्ता शेतवस्तीचा. साहेब म्हणाले, "अंतर खोटं दाखवलंत. परवापर्यंत गावातल्या घराचा कागद आणा, नाहीतर प्रवेश रद्द."

परतताना वाटेत भामाबाई भेटली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. घर गावातच, विहाराला लागून.

"तोंड का असं उतरलं रे? सोनिया तर हरखून गेली व्हती."

त्यानं सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय? माझी मागची खोली तुला भाड्यानं दिली, असं लिहून देते. चल."

"अन् मावशी, भाडं?"

"कीर्तनात जरा सुरात गात जा. तेवढ्यानंच गावाची सुटका व्हईल."

दुसऱ्या दिवशी भाडेकरार नोंदवून झाला. तिसऱ्या दिवशी रामकिसन तो घेऊन पंचायत समितीत रांगेला लागला. समोरच्या भिंतीवर प्रतीक्षा यादी डकवलेली होती. करायला काही नव्हतं, म्हणून तो वाचू लागला. त्याच शाळेच्या नावाखाली पहिलंच नाव सम्यकचं. भामाबाईचा नातू. म्हणजे श्रेयाचा प्रवेश रद्द झाला, तर जागा त्याची.

रामकिसनानं ते नाव दोनदा वाचलं. पुढची माणसं सरकली तशी मागच्यानं त्याला ढकललं. तिकडं सोनिया आजच पोरीला घेऊन दप्तर आणायला गेली होती.

"कागद आणला का?" साहेबांनी विचारलं.

"आणलाय. पण साहेब, मी राहतो शेतातच."

"मग हा भाडेकरार कशाला केलात?"

"चुकलं. नाव काढून टाका."

घरी हे कळल्यावर सोनिया म्हणाली, "जवळची शाळाच सरकारनं धड ठेवली असती, तर ही मोजामोजी कशाला लागली असती?" झेडपीच्या शाळेत एकट्या संध्याबाई दोन वर्ग सांभाळतात, हे त्यालाही दिसत होतं.

संध्याकाळी भामाबाई तणतणत वस्तीवर आली. "येड्या, हाती आलेलं घालवलंस!"

"मावशी, यादीत सम्यक आहे, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"व्हतं की. ल्योकाच्या मोबाइलवर आलं व्हतं."

"मग?"

"मग काय? नाव तुझ्या पोरीचं निघालं व्हतं. देवळापाशी म्हणालास, त्यात खोटं ते काय? समदं गाव तसंच म्हणतं." एवढं बोलून ती सोनियाजवळ जाऊन बसली. चहा मात्र तिनं रामकिसनाच्या हातचा घेतला नाही.

जूनमध्ये सम्यक इंग्रजी शाळेत गेला, श्रेया संध्याबाईंच्या वर्गात बसली. कुणाचं भलं झालं, ते आणखी दहा वर्षांनी कळेल. भामाबाई हात जोडते ते बुद्धापुढं. तुम्ही ज्या देवापुढं जोडाल, तिथं तिची तेवढी आठवण काढा.