आयलीच्या मापाचा दस्ता

मित्रांनो, मी एक शिकारी रायफल आहे आणि माझं वय सत्तरीच्या जवळ आलं आहे. माझी नळी, गोळी आत लोटणारा बोल्ट, चाप, सगळं जुनं आहे. दस्ता मात्र गेल्या ऑक्टोबरातला. दस्ता म्हणजे माझा तो भाग, जो माणूस खांद्याला लावतो आणि ज्यावर गाल टेकवून नेम धरतो. या वयात मला नवा दस्ता का लागला, ते सांगते.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादी नळीला आतून सर्पिल खाचा पाडल्या आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता खाली बसवला. तो कुणा एका माणसासाठी केलेला नव्हता. कारखान्याने मनात एक मध्यम उंचीचा पुरुष धरला होता आणि त्याच्या मापाने हजारो दस्ते कापले होते.

मला विकत घेतलं उर्हो कांगासने. तो अमेरिकेच्या उत्तर टोकाला, वरच्या मिशिगनमध्ये लोखंडाच्या खाणीत काम करायचा आणि चांगला सहा फूट दोन इंच होता. पंधरा नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडला की कांगासांचं अख्खं कुटुंब जंगलातल्या कँपवर जायचं. कँप म्हणजे लाकडाची एक खोली, एक शेगडी आणि बाहेर सौना, म्हणजे गरम वाफेची न्हाणी. उर्होचा एकच नियम होता: शंभर यार्डांवर कागदी ताटली ठेवायची आणि तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही ताटलीत पडल्या तरच त्या वर्षी जंगलात बंदूक न्यायची. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून तेवढीच जागा असते.

उर्होनंतर मी त्याच्या मुलीकडे आले. आयली जेमतेम पाच फूट उंच. माझा दस्ता तिला लांब पडायचा, म्हणून ती मान पुढे ताणायची आणि खांदा मागे ओढायची. असे तिने माझ्यासोबत सत्तावीस हंगाम काढले. नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाचं टोक कापून कँपच्या भिंतीला ठोकायची तिथली रीत आहे. भिंतीवर तिचा भाऊ वाइनो याच्या शर्टांची चार टोकं होती. आयलीचं एकही नव्हतं. मला याचा अभिमान वाटायचा, आणि तिची मान दुखते हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

चार वर्षांपूर्वी सौनाच्या बर्फाळ पायरीवरून आयली घसरली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. ते सांधलं, पण वाकडं. हात पूर्वीसारखा लांब होईना. मी तळघरात फ्रीजरच्या मागे उभी राहिले. तिसऱ्या वर्षी नळीवर गंजाचे बारीक लाल ठिपके आले. मला कोणी काढलं नाही, आणि मी कुणाला दोषही दिला नाही. जो आपल्याला नीट धरू शकत नाही, त्याने आपल्याला काढावं तरी कशाला?

गेल्या सप्टेंबरात वाइनो येऊन म्हणाला की आता तू कँपवर शेगडी सांभाळ, तुझ्या हातच्या मांस-बटाटा भरलेल्या पास्टीशिवाय आमचं चालत नाही, आणि रायफल माझ्याकडे दे. आयलीने पास्टीचं कौतुक ऐकून घेतलं. मग तिने आपली अट सांगितली. बाबांच्या नियमाने तीन गोळ्या ताटलीत पडल्या नाहीत, तर ती मला वाइनोच्या हातात देईल आणि पुन्हा कधी मागणार नाही. अर्धवट लागलेलं हरीण दलदलीत जाऊन दोन दिवसांनी मरतं. ते तिला नको होतं.

वाइनो बडबड्या आहे, पण मनाने वाईट नाही. पंधरा दिवसांनी तोच एक खोका घेऊन आला. आत काळा, आखूड, फायबरचा दस्ता होता. मागच्या टोकाला काढता-घालता येणाऱ्या चकत्या होत्या, म्हणजे लांबी हवी तेवढी ठेवता यावी. गॅरेजमध्ये त्याने माझे दोन स्क्रू काढले आणि अक्रोडाचा दस्ता उचलून बाजूला ठेवला. त्या क्षणी मला उघडं पडल्यासारखं वाटलं. जन्मापासूनचा सोबती होता तो.

वाइनोने काम मन लावून केलं. गंज तेलाने घासून काढला. स्क्रू एकदम न आवळता एकेक करून, थोडे थोडे आवळले. मग डॉलरची नोट नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालून पुढून मागपर्यंत सरकवली. नोट कुठेच अडली नाही. नळी दस्त्याला घासत असेल, तर ती तापल्यावर गोळी भलतीकडे जाते. माप घेण्याआधी त्याने आयलीला उर्होचा जाड लोकरी कोट घालायला लावला. नोव्हेंबरात अंगात हाच असणार, असं तो ऐटीत म्हणाला. दस्ता तिच्या खांद्याला असा बसला की मान ताणावी लागली नाही. आयली बराच वेळ मला तशीच धरून उभी राहिली.

खाणीच्या लाल मातीच्या ढिगाऱ्यासमोर त्यांची नेमबाजीची जागा आहे. तिची देखरेख ट्रेव्हॅरो सर करतात. पूर्वी ते शाळेत यंत्रकाम शिकवायचे. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, तरी सगळे त्यांना सरच म्हणतात. त्या दिवशी ऑक्टोबर असून ऊन कडक होतं. आयलीने कोट ट्रकमध्ये ठेवला आणि नुसत्या शर्टावर बाकापाशी बसली.

पहिलीच गोळी सुटली आणि मी मागे उसळले. माझ्यावरच्या नेम धरायच्या दुर्बिणीची कडा तिच्या भुवईवर आपटली. अर्ध्या चंद्रासारखी जखम झाली आणि रक्त डोळ्यात उतरलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला दुखवलं होतं.

वाइनोचा चेहरा पांढरा पडला. "जुना दस्ता लावतो परत," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

सरांनी आपला रुमाल तिच्या भुवईवर दाबून धरला. "माप घेताना हिच्या अंगात काय होतं?"

"बाबांचा कोट."

"आणि आज?"

वाइनोने ट्रककडे पाहिलं. कोटाची जाडी अर्धा इंच होती. ती गेली, तसा दस्ता तेवढाच मागे सरकला आणि डोळा दुर्बिणीच्या फार जवळ आला. शिवाय दुर्बीण अजून जुन्या, लांब दस्त्याच्या हिशेबानेच बसवलेली होती. सरांनी ती सैल करून पुढे सरकवली, आणि आयलीला भर उन्हात कोट घालायला लावला.

आता दुर्बीण भुवईला लागत नव्हती. तरी गोळ्या ताटलीच्या खाली मातीत जाऊ लागल्या. सरांनी मला हातात घेतलं, पाठ फिरवून बोल्ट ओढला, लोटला आणि परत दिलं. आयलीला वाटलं आत गोळी आहे, पण मी रिकामी होते. मला ते माहीत होतं, पण मी सांगू कशी? आयलीने चाप ओढला. नुसता टक् असा आवाज झाला, आणि तरीही माझं, म्हणजे नळीचं, तोंड चांगलं दोन बोटं खाली झुकलं.

आयलीने माझ्याकडे पाहिलं. "हे मी केलं," ती म्हणाली.

"तू नाही, तुझ्या शरीराने," सर म्हणाले. "एकदा मार खाल्ला की ते लक्षात ठेवतं. त्याचा विश्वास परत मिळवायला वेळ लागेल."

मग तीन आठवडे रोज दुपारी ती मला तळघरात न्यायची. आधी दोनदा बघायची की मी रिकामी आहे. मग काँक्रीटच्या भिंतीवर काढलेल्या एका ठिपक्यावर नेम धरून हळूच चाप ओढायची. टक्. पुन्हा टक्. तिसऱ्या आठवड्यात माझं तोंड हलेनासं झालं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिने आधी जवळच्या अंतरावर गोळ्या झाडून दुर्बिणीचा नेम जुळवून घेतला आणि मग शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या. वाइनो धावत जाऊन मागच्या पुठ्ठ्यासकट ताटली घेऊन आला. दोन आत होत्या. तिसरी अंगठाभर बाहेर.

वाइनो म्हणाला की कडेजवळ लागली म्हणजे लागलीच, कोण मोजतंय.

"ताटली कागदाची आहे वाइनो, तिला काही वाटत नाही," आयली म्हणाली. "हरणाला वाटतं." आणि तिने बोल्ट उघडून मला त्याच्या हातात दिलं.

वाइनोने मला खांद्याला लावून पाहिलं. दस्ता त्याला इतका आखूड पडला की त्याचं नाक त्याच्याच अंगठ्यावर टेकलं. "हे खेळणं घेऊन मी करू काय," तो पुटपुटला, पण डोळे मात्र पुसत होता.

"दस्ता हिच्या मापाचा केलात," सर म्हणाले. "अंतर अजून उर्होच्याच मापाचं आहे."

मग आयली स्वतः नवी ताटली घेऊन चालू लागली आणि पावलं मोजत सत्तर यार्डांवर थांबली. त्या दुपारी तिने तिथे नऊ गोळ्या झाडल्या. नऊच्या नऊ आत पडल्या. संध्याकाळी ती जंगलात तिच्या बसायच्या जागी गेली आणि सत्तर यार्डांवरच्या एका बर्चच्या झाडाला नारिंगी फीत बांधून आली.

पंधरा नोव्हेंबरला पहाटे बर्फ भुरभुरत होता. आम्ही दोघी झाडाला टेकून बसलो होतो. नऊच्या सुमाराला एक थोरला नर आला, आठ टोकांच्या शिंगांचा. तो फितीपासून वीस पावलं पलीकडे, पूर्ण आडवा उभा राहिला. माझं तोंड जरासुद्धा हललं नाही. आयलीचा श्वास माझ्या दस्त्यावर पडत होता. तिने चापावरून बोट काढलं, चाप अडवणारी सेफ्टी लावली, आणि तो निघून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत बसली.

कँपवर वाइनोने काय झालं ते विचारलं. "लांब होता," आयली म्हणाली. वाइनोने मान हलवली, शेगडीवरची पास्टी उलटली आणि तिला बसायला जागा करून दिली. उद्या पुन्हा जाऊ, इतकंच ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला मोठ्या माणसांशिवाय कधी हात लावू नका. पण तुमच्या घरात सायकल असेल, कात्री असेल, आजोबांची काठी असेल. त्यांना तेल द्या, पुसून ठेवा. आणि ती वापरणाऱ्या माणसालाही एकदा विचारा की ती त्याच्या मापाची आहे का. सत्तावीस हंगाम माझ्यासाठी कोणीतरी मान ताणत होतं. ते मला फार उशिरा कळलं.

उद्या पहाटे पाचला उठायचं आहे. तिने मला पुसून, रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून खुंटीला टांगलं आहे.