पवळ्याचा फोटो

चंदरने मुंबईहून सहा फोटो धाडले, आणि चौलच्या घरात ते बघणारं माणूस एकच उरलं होतं: त्याची बायको सोनाबाई.

शिमग्याला चंदर गिरणीतल्या दोस्ताचा कॅमेरा मागून घेऊन आला होता. तेव्हा त्याच्या बापाला, बाळाजींना, अंधूक तरी दिसत होतं. "काय काढायचं ते बिगीनं काढ रे, मला बघायचंय," म्हणून तेच पुढे पुढे करत होते. पण रेवसच्या बोटीने पाकीट यायला चैत्र सरला, आणि तोवर म्हाताऱ्याच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेडही गेला. तेव्हापासून त्यांनी ओटीवरून पाय खाली टाकला नव्हता. चाळीस वर्षं पोफळींना पाणी पाजलेला माणूस खांबाला टेकून नुसता बसून राही. सोनाबाईला ते बघवत नसे.

रोज दुपारी रहाट सोडून ती ओटीवर येई आणि एकेक फोटो हातात घेऊन सांगे.

"ह्यात आपली मांजर हाय, मामंजी. उंबऱ्यावर निजलीय, पोट वर करून."

"तिला दुसरं काम काय हाय?"

"ह्यात मी अबोली वेचतेय, आन् वासरानं माझ्या पदरात तोंड घातलंय."

"खाल्ली काय त्यानं?"

"सगळी!"

बाळाजी पोट धरून हसत. फोटो तेच, पण मांजर रोज नव्याने निजे आणि वासरू रोज नव्याने अबोली खाई. समुद्राकडून वारा येई, पोफळींच्या सावल्या अंगणात हलत, आणि फोटोतली दुपार कुठली नि ही कुठली ते दोघांनाही कळेनासं होई. फार गोड दिवस होते ते.

सहावा फोटो मात्र ती तळाशीच ठेवी. तो होता पवळ्याचा, रहाटाच्या बैलाचा. गोल फिरताना त्याला घेरी येऊ नये म्हणून डोळ्यांवर कापडाची झापड बांधत, आणि फोटोतही ती होतीच. आंधळ्यापुढे बांधलेल्या डोळ्यांची गोष्ट काढायची कशी?

"पाच झाले. सहावा कुठं हाय?" एकदा त्यांनी विचारलंच.

"पवळ्या हाय. थेट तुमच्याकडं बघतोय. केवढे डोळे, मामंजी!"

खोट्याच्या कपाळी गोटा.

"सोने, त्या दिशी झापड मीच बांधली व्हती. चंदर सोड म्हनत व्हता, मी न्हाय सोडली."

सोनाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," म्हणताना तिला रडूच फुटलं.

म्हातारा रागावला नव्हता. त्यांनी फोटो मागून घेतला, त्यावरून अंगठा फिरवला.

"बारा वरसं हा असाच फिरतोय. कदी वाट चुकला काय गं?"

"न्हाय."

"त्याला वाट कुनी लावली?"

"तुमीच."

"मग?"

आणि ते उठले. ती धरायला धावली, तर हात झटकला. भिंत, तुळस, न्हाणीचा दगड असं चाचपत ते विहिरीकडे निघाले. सोनाबाईचा जीव टांगणीला लागला होता. चाहूल लागताच पवळ्याने मान हलवली, गळ्यातली घंटा वाजली. बाळाजींनी त्याला रहाटाला जुंपलं, झापड बांधली, वशिंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल."

रहाट करकरला. लोटे भरून वर आले, पाटाला पाणी लागलं. सोनाबाई पोफळीला धरून उभी होती, रडत होती नि हसतही होती.

तिसऱ्या फेरीला तिच्यासमोरून जाताना बाळाजी म्हणाले, "चंदरला कागद धाड. आनखी एक फोटो काढ म्हनावं. आमचा दोघांचा."