दंतवैद्याच्या खुर्चीने पाहिलेला ओठ

'आमच्याकडील सर्व सौंदर्योपचार प्रशिक्षित तज्ज्ञांच्या हस्ते, संपूर्ण सुरक्षितपणे व शस्त्रक्रियेविना केले जातात.'

मित्रांनो, हे वाक्य जळगावात, मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पार्लरमध्ये सोनेरी चौकटीत लावलेले आहे. चौकट माझ्या अगदी समोर आहे, त्यामुळे ते मला दिवसभर वाचावे लागते. वाचून वाचून मी ते शब्दाशब्दाने सोलले. 'प्रशिक्षित' म्हणजे एका हॉटेलच्या सभागृहात शनिवार-रविवारी भरलेले शिबिर. दुपारचे जेवण आणि समारोपाचे छायाचित्र धरून त्यात माणसाच्या चेहऱ्यात सुई खुपसण्याची विद्या पूर्ण होते. 'तज्ज्ञ' म्हणजे दिपमालाताई. त्या भुवया सुरेख कोरतात, नववधूची वेणी त्यांच्याइतकी नेटकी कोणी घालत नाही, आणि ओठाखालून रक्तवाहिनी कुठून जाते हे त्यांना ठाऊक नाही. 'शस्त्रक्रियेविना' हे मात्र खरे आहे. एखाद्याला विहिरीत ढकलायलाही शस्त्र लागत नाही. उरले 'संपूर्ण सुरक्षितपणे'. त्या दोन शब्दांसाठी मला माझी सगळी हकीकत सांगावी लागेल.

मी एक जुनी खुर्ची आहे, दंतवैद्याची. माझी बैठक बिडाच्या ओतीव लोखंडाची, अंगावर हिरवे रेक्झिन, आणि पायाने दाबायचा पंप असा की माणूस दिवाळीच्या फराळाने जड झालेला असला तरी हळूच वर उचलला जाई. चाळीसगावात स्टेशनजवळ डॉक्टर लोटन देवरे यांचा दवाखाना होता. त्यांना सगळे लोटननाना म्हणत. माझे तारुण्य तिथे गेले.

माणसाचे भय कसे असते ते मला तिथे कळले. ते आधी तोंडावर येत नाही, हातात येते. सुई दिसली की बोटे माझ्या हातांवर आवळली जात. गिरणीतला पैलवान असो की कोर्टातला वकील, पकड एकच. एकदा खेड्यातून आलेला एक आडदांड शेतकरी सगळे दात द्यायला तयार होऊन माझ्यावर बसूनच अहिराणीत ओरडला, "नाना, बठ्ठा दात काढी टाका, पन ती सुई ऱ्हाऊ द्या!" नाना हसून म्हणाले, "सुई दुखत नही रे भाऊ, तुनं भेव दुखस." आणि बोलता बोलता त्यांनी सुई दिलीसुद्धा.

दुपारी रोगी नसले की नाना माझ्यावरच रेलून वाचत. इतिहास, कायदा, प्रवासवर्णने, शरीरशास्त्राचे जाडजूड ग्रंथ. आवडलेले पान ते मोठ्याने वाचत, आणि ऐकायला मीच असे. लोक निघताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "नाना, खुर्ची भारी शे तुमची." मित्रांनो, स्तुतीची सवय लागायला वेळ लागत नाही.

नाना गेले. मुले पुण्याला होती. मला भंगारवाल्याने टेम्पोत घातले आणि जळगावच्या एका आवारात केळीच्या फुटक्या क्रेटांशेजारी टाकले. उन्हाने माझे रेक्झिन फुटले, शिवणीत चिमण्यांनी काड्या कोंबल्या. कुणी बसेना, कुणी भिईना. अशा अवस्थेत दिपमालाताईंनी मला पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले. माझ्या पंपाला तेल मिळाले, अंगावर गुलाबी रेक्झिन चढले. मला वाटले, माझी कदर झाली. पुढे त्यांनी मैत्रिणीला सांगितले तेव्हा खरे कारण कळले. "अगं, साध्या खुर्चीवर बायका प्रश्न विचारतात. या खुर्चीवर बसल्या की गप्प होतात. डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं त्यांना." नानांनी माझ्यावर तीस-चाळीस वर्षे कमावलेला विश्वास दिपमालाताईंनी भंगाराच्या भावात घेतला होता.

त्या पार्लरमध्ये मिसबाह आली.

मिसबाह मेहरूणचीच. तिचे अब्बा नूर महंमद यांचे पत्र्याच्या पेट्या आणि कपाटे बनवण्याचे दुकान आहे. तिचे लग्न धुळ्याला ठरले होते. मंगनीच्या दिवशी होणारी नणंद शाझिया सगळ्यांसमोर हसत म्हणाली होती, "आमच्या भाभीचे ओठ हसताना जातात कुठे? शोधावे लागतील." सगळे हसले, मिसबाहही हसली. पण तेव्हापासून ती फोटोत तोंड मिटून हसू लागली.

पहिल्या खेपेस ती नुसती विचारायला आली. बीएस्सी झालेली मुलगी; तिने नीट विचारले. "ताई, टिंट आणि फिलरमध्ये फरक काय?"

दिपमालाताईंनी सांगितले त्यात खोटे काही नव्हते. अर्धे सत्य सांगणाऱ्याला खोटे बोलण्याची गरज पडत नाही. टिंटमध्ये बारीक सुईने ओठाच्या वरच्या कातडीत रंग भरतात. चार दिवस सूज आणि खपल्या येतात, मग गुलाबी छटा राहते आणि वर्ष-दोन वर्षांत फिकी होत जाते. ओठाची जाडी बदलत नाही. फिलर म्हणजे इंजेक्शनने ओठाच्या आत भरलेला जेल. त्याने ओठ खरोखर भरीव होतो आणि काही महिन्यांनी तो जेल विरतो. एवढे सांगून त्या थांबल्या; पुढचे त्यांनी सांगितले नाही. टिंट चुकला तर रंग वाईट दिसतो, क्वचित जंतू शिरतात. फिलरची सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर जेल तिथे बुचासारखा बसतो आणि पुढच्या मांसाला रक्त मिळत नाही. ज्याला त्या वाहिन्या माहीत आहेत अशा डॉक्टरानेच हे काम करावे. नानांच्या ग्रंथांत चेहऱ्यावरच्या वाहिन्यांचे चित्र होते, तांबड्या नद्यांच्या नकाशासारखे. त्याखालचे वर्णन नाना मोठ्याने वाचत, ते मी ऐकले होते. मला तोंड नव्हते.

"मला फक्त रंग हवाय," मिसबाह म्हणाली. "आत काही भरायचं नाही."

मला हायसे वाटले.

ती दुसऱ्यांदा आली ती मांझ्यातून. त्यांच्याकडे लग्नाआधी मुलगी मांझ्याला बसते. पिवळे कपडे, अंगाला आणि चेहऱ्याला हळदीचे उटणे, आणि बाहेर पडणे बंद. अम्मी मुमताज तिला बुरख्यात झाकून चोरपावलांनी घेऊन आल्या होत्या. नकाब वर झाला तेव्हा मिसबाहचा चेहरा वाळलेल्या उटण्याने पिवळाधमक होता.

"भाभी, हे आधी धुऊन काढते," दिपमालाताई म्हणाल्या.

"अजिबात नाही!" मुमताज म्हणाल्या. "मांझ्याचं उटणं आहे, रसम होईपर्यंत पाणी लावायचं नाही. माझी सासू अजून बसलीय घरात. तुम्ही तेवढे ओठ घ्या."

"बरं बाई, तुमची सासू ती माझी सासू," म्हणून दिपमालाताई हसल्या आणि त्यांनी फक्त ओठ पुसले.

मित्रांनो, इथे एक पडदा पडला आणि कुणाच्याच लक्षात आला नाही.

ओठांना बधिर करणारे मलम लागले. मग रंगाची सुई गुणगुणत फिरली. ओठ गडद गुलाबी झाले. हा दुसरा पडदा. काम इथे संपायला हवे होते. पण दिपमालाताई आरसा धरून मान तिरपी करून पाहू लागल्या.

"रंग फक्कड बसलाय. पण खरं सांगू का मिसबाह? रंगाने पातळ ओठ जास्तच पातळ दिसतो. नणंदेला परत विषय मिळेल."

मिसबाहने दोन बोटे ओठांपुढे धरली.

"एवढंसं भरते. सुन्न तर आहेतच, कळणारसुद्धा नाही. लिपस्टिक लावण्याइतकं सोपं."

मुमताज म्हणाल्या, "नको म्हणत होती ना ही?"

"भाभी, लग्न तिचं आहे. तिला विचारा."

ज्या ओठांनी नकार द्यायचा ते बधिर करून ठेवले होते. मिसबाहने आरशात पाहिले, आणि मान हलवली. तिची बोटे माझ्या हातांवर आवळली गेली. ती पकड मी ओळखली. तिला सुई नको होती. तिला धुळ्यातले ते हसणे नको होते. दोन भयांतून तिने जवळचे निवडले.

सुई वरच्या ओठात उजवीकडे गेली. मिसबाह माझ्यावर ताठ झाली.

"आग होतेय..."

"रंगाची आग आहे. होतेच."

"आत होतेय ताई. नाकाकडे चाललीय."

"अगं, तू घाबरतेस म्हणून तसं वाटतं." आणि त्यांनी उरलेला जेल भरला.

नाना टाळूपाशी सुई देत तेव्हा तिथली जागा कधी कधी पांढरी पडे. मग ते बोलणे थांबवत, बोटाने ती जागा दाबत, सोडत आणि लाली परत येते की नाही ते पाहत राहत. लाली येईपर्यंत त्यांचा स्वतःचा श्वास अडकलेला असे. दिपमालाताईंनी दाबून पाहिले नाही. पाहिले असते तरी काय दिसले असते? ओठावर त्यांनीच भरलेला गुलाबी रंग होता आणि ओठाच्या वर मुमताजने राखलेली हळद. शरीर पांढरे पडून ओरडत होते, आणि त्याच्या तोंडावर दोन रंग थापलेले होते.

मिसबाहच्या पायाची बोटे वळू लागली. तिला बर्फ दिला गेला. तिने तो ढकलला. "अम्मी, दुखतंय. खूप दुखतंय, अम्मी."

"नाजूक आहे हो तुमची मुलगी," दिपमालाताई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मुमताज उठल्या. मुलीच्या चेहऱ्याकडे त्यांनी क्षणभर पाहिले. मग ओढणीचे टोक नळाखाली भिजवले आणि जी रसम मोडू नये म्हणून भांडल्या होत्या, ती स्वतःच्या हाताने पुसून काढली. ओल्या उटण्याचे पिवळे ओघळ माझ्या गुलाबी रेक्झिनवर पडले. डावीकडची कातडी हळदीने रंगलेली, पण जिवंत होती. उजवीकडे, ओठापासून नाकपुडीपर्यंत, राख फासल्यासारखी पांढरी. आणि त्या पांढऱ्यात जांभळ्या रेघांची जाळी उमटू लागली होती.

"या अल्लाह," मुमताज म्हणाल्या, आणि मग अतिशय हळू, "ताई, तुम्ही काय घातलंत आत?"

"जेल आहे, भाभी. सगळ्यांनाच घालतात."

"मग काढा ते. साप चावला तरी उतारा असतो. याला उतारा असेल ना?"

"उतारा वगैरे लागत नाही. घरी जा, झोपू द्या. सकाळी उतरेल."

"सकाळी?" मुमताज म्हणाल्या. "सकाळपर्यंत हिचा चेहरा राहील?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. मिसबाहला बगलेत धरून, नकाब न ओढता, उघड्या पिवळ्या चेहऱ्याने त्या भर रस्त्यावर गेल्या आणि रिक्षाला हाका मारू लागल्या. मांझ्यातली मुलगी सगळ्या मेहरूणने पाहिली. मागे उरलेल्या दिपमालाताईंनी आधी माझ्यावरचे डाग पुसले, मग सुईची वेष्टने पिशवीत भरून बाहेर नेली.

पुढचे मला मुमताजच्या तोंडून कळले, कारण काही दिवसांनी त्या परत आल्या. सोबत आरोग्य खात्याचे अधिकारी आणि पोलीस होते. शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी जेल विरघळवणारे इंजेक्शन ताबडतोब दिले म्हणून ओठ वाचला होता. सकाळची वाट पाहिली असती तर तो काळा पडून झडला असता, नाकाची कडही गेली असती. लग्न पुढे ढकलले होते. ओठाचा उजवा कोपरा हसताना वर उठत नाही. पुढे उठेल की नाही हे कोणी सांगत नाही. मिसबाह आरसा उलटा ठेवते.

अधिकाऱ्यांनी स्टूल घेतले. बसायला दुसरे काही नव्हते म्हणून दिपमालाताई माझ्यावर बसल्या. चौकटीतले वाक्य त्यांच्या समोर आले. त्यांची बोटे माझ्या हातांवर आवळली गेली आणि ती पकड पैलवानाची, वकिलाची, मिसबाहची होती तशीच होती. मला दया यायला हवी होती. आली नाही.

मित्रांनो, मी आता कडेला पडलेली, सील केलेल्या दाराआडची वस्तू आहे. मला परत कोणी तेल घालेल असे वाटत नाही, आणि माझी ती मागणीही नाही. माझी विनंती तुमच्या चेहऱ्यांविषयी आहे. ओठ रंगवावा की भरावा, की आहे तसाच ठेवावा, हे तुम्ही ठरवा. पण सुई हातात असलेल्याला आधी विचारा की चूक झाली तर पुढे काय करणार. खुर्ची पाहून विश्वास ठेवू नका. खुर्ची विकत मिळते. दुखते असे तुमचे शरीर म्हणत असेल तर त्याचे ऐका, समोरचा कितीही गोड हसत असला तरी. आणि तुमच्या कोणाच्या जिभेवर दुसऱ्याच्या ओठांविषयी एखादा विनोद आला असेल, तर तो गिळून टाका.

मुमताजने विचारलेला उताऱ्याचा प्रश्न त्या दिवशी अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारला. दिपमालाताईंनी माझ्या हातांवरची बोटे सोडवली. मग त्या जे बोलल्या ते मी जसेच्या तसे देत आहे:

"उतारा असतो, साहेब. शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तो जवळ असल्याशिवाय सुई उघडायची नाही. पण तो समोर ठेवला की बायका विचारतात, हे कशासाठी? मग घाबरून निघून जातात. म्हणून मी तो कधी आणलाच नाही."