अर्जातले सतरा काऊन

आमच्या गावात माहितीच्या अधिकाराचा पहिला अर्ज कोणी टाकला, हे कोणालेही इचारा. शाळेतलं पोट्टंही सांगन, बंडूजीनं! अन् मंग त्या अर्जातून काय निघालं, तेही इचारा. लाजाचं काही कारण नाई. मी स्वतःच सांगून राह्यलो.

आमचं गाव तालुक्याच्या सेलूपासून सात किलोमीटर, अन् आमचं वावर गावाच्या सडकेपासून एक किलोमीटर आत. मधात पांदण. दोन्हीकडच्या वावरांच्या धुऱ्यांमधून, म्हणजे बांधांमधून, जाणारी वाट, तिले आम्ही पांदण म्हणतो. उन्हाळ्यात तिच्यातून बंडी जाते, पावसाळ्यात बैलही पाय टाकत नाई. काळी माती, बाप्पा! चप्पल तिची, पाय तेवढा तुमचा.

वावरात भाजीपाला पिकवते माही बायको गोपिका. सातबाऱ्यावर नाव आधी एकट्या माह्यं होतं, काम तिचं. खोटं कशाले बोलू? पाच वर्षांआधी मीच तिचंही नाव चढवून घेतलं. वांगे, भेंडी, चवळीच्या शेंगा अन् सांबार. सांबार म्हणजे तुम्ही लोक ज्याले कोथिंबीर म्हणता ते. वर्ध्याच्या बाजारात गिऱ्हाईक दुसऱ्याच्या पाटीवरून सरळ पुढं जाते अन् म्हणते, "गोपिकाबाईचा सांबार आला काय?" हे ऐकाले मी मुद्दाम कधी कधी तिच्यासंगं बाजारात जाऊन बसतो.

पण पावसाळ्याचे चार महिने ती भाजी डोक्यावर निघते. पाटी डोक्यावर, पाय चिखलात, सडकेपर्यंत एक किलोमीटर. मंग अ‍ॅटो. दहा वर्षं असंच चाललं. मागच्या श्रावणात ती पांदणीत पडली अन् उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर काढताना वर्ध्याचा डॉक्टर म्हणाला, "मावशी, डोक्यावरचं ओझं आता कायमचं बंद."  घरी आल्यावर तिनं पाटी छपरीत उलटी ठेवली अन् मले म्हणाली, "वावर ठेक्यानं देऊन टाका. भाजी बाहेर निघत नाई तं लावून करू काय?"

पस्तीस वर्षं झाले लग्नाले. या बाईनं मले लुगडं मागतलं नाई, सोनं मागतलं नाई. अन् आता जे एक तिचं होतं, तेच सोडाचं म्हणते! माह्या डोक्यात सणक गेली. तसंही माह्यं डोकं लवकर तापते. आमचा शेजारी रूपराव म्हणते, बंडूच्या डोक्यावर भाकर टाका, चुलीची गरज नाई.

आता या पांदणीचा रस्ता कराचा प्रस्ताव दहा वर्षांआधीच ग्रामपंचायतीनं तालुक्याच्या ऑफिसात पाठवलता. मोजणीवाले येऊन खुट्या ठोकून गेलते. मंग तो प्रस्ताव जो गेला तो गेलाच. मी तडक सरपंचाकडं गेलो. सरपंच बाबाराव, वयानं माह्याहून लहान, सबुरीचा माणूस. तो म्हणाला, "बंडूजी, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत गावातून एकच रस्ता पाठवाचा हाय. तुमच्या पांदणीची फाइल एकदा परत आलती. ते माह्या आधीचं हाय, काऊन आली मले माहीत नाई. कारण कळल्याबिगर पाठवली तं पुन्हा परत येईन, अन् गावाचा नंबर जाईन. म्हणून नाल्याकडचा रस्ता पाठवतो."

मले वाटलं, हाच चोर. पानठेल्यावर दहा जणांसमोर मी त्याले रस्ताखाऊ म्हटलं. तो सरपंच होऊन तीनच वर्षं झाले, पण राग कुठं साल पाह्यते!

माही पोरगी काजल वर्ध्याच्या कॉलेजात शिकते, रोज एसटीनं जाणं-येणं करते. ती म्हणाली, "बाबा, पानठेल्यावर भांडून काही होत नाई. माहितीचा अधिकार टाका. साधा कागद, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट. तीस दिवसांत उत्तर द्याच लागते त्यायले. मी लिहू?"

"काऊन? तुह्या बापाले लिहिता येत नाई? सातवीत मी शाळेतून पहिला आलतो!"

अन् लिहिला ना मी अर्ज. रस्ता काऊन झाला नाई? खुट्या ठोकल्या तं काऊन ठोकल्या, अन् उपटल्या तं काऊन उपटल्या? आमच्या बाया चिखलात पडतात तवा साहेब लोक काऊन येत नाई? सरपंचाले काऊन कोणी इचारत नाई? लिहिता लिहिता हात गरम झाला. काजलनं वाचला, पेनानं एक एक काऊन, म्हणजे तुमचं 'का', मोजला. सतरा निघाले.

"बाबा, हा अर्ज नाई. हे भांडण हाय."

"मंग? आरती लिहू काय त्यायची?"

एकोणतिसाव्या दिवशी पोस्टमन पाकीट घेऊन आला. मी ते घरी नाई फोडलं, पानठेल्यावर फोडलं, सगळ्यायसमोर. आतमधात दोन ओळी. आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे. कार्यालयात अभिलेख रूपाने उपलब्ध असलेलीच माहिती देता येते. दहा जण पोट धरून हासले. सगळ्यात जास्त रूपराव. "बंडू, सातवीत पहिला आलता ना बे तू? सरकारनं तं नापास केलं!"

दुसऱ्या दिवशी काजलले घेऊन मी तालुक्याच्या ऑफिसात. आज टेबल उलटंच करतो, असं ठरवून गेलतो. माहिती अधिकारी होती एक नंदिनी मॅडम, चष्मेवाली, आमच्या काजलहून दहा वर्षं मोठी असन. माह्यं नाव ऐकल्याबरोबर म्हणाली, "सतरा काऊनवाले काका तुम्हीच काय?" अन् खुर्ची देली. आता खुर्ची देणाऱ्या बाईवर टेबल कसं उलटं कराचं?

मॅडमनं समजावून सांगतलं. "काका, कोणाच्या मनात काय होतं, ते माझ्या कपाटात नाही. माझ्या कपाटात कागद आहेत. 'काऊन' विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. पण 'त्या फाइलीतला कागद दाखवा' म्हटलं, तर मला नाही म्हणता येत नाही. तुम्ही कागद मागा. काऊनचं उत्तर कागदच देईल."

काजलनं तिथंच टेबलाच्या कोपऱ्यावर चार ओळी लिहिल्या. अमुक गावच्या पांदण रस्त्याच्या प्रस्तावाची फाइल पाहायची आहे, अन् तिच्यातल्या पत्रं, टिपण्या, संमती अन् हरकतींच्या नकला पाहिजेत. बस्स. एकही काऊन नाई. मले तं तो अर्ज बिनमिठाच्या भाजीवानी लागला. पण पंधरा दिवसांत पत्र आलं, सोमवारी दुपारी तीन वाजता येऊन फाइल पाहा.

रविवारी मी पानठेल्यावर जाहीर करून टाकलं, "उद्या चोर सापडते."

सोमवारी मॅडमनं आमच्यासमोर फाइल ठेवली अन् आपल्या कामाले लागली. काजल एक एक पान पलटत होती. नकाशा. मोजणी. मंग पांदणीवरच्या अकरा शेतकऱ्यायच्या संमत्यांचं पान. रूपरावची सही होती. बाकीच्यायच्या सह्या, अंगठे होते. दहा झाले. अकरावी जागा रिकामी. तिच्यामागं अर्धा कागद टाचणीनं लावलता, अर्ज लिहून देणाऱ्याच्या वळणदार अक्षरात. माझ्या धुऱ्यातील एक इंचही जागा मी देणार नाही, रस्त्यास माझी सक्त हरकत आहे. खाली सही.

सही माही होती. माह्या सहीले शेवटी एक लांब शेपटी हाय, मास्तरानं वाहवा केलती तवापासून काढत आलो. ती शेपटी अर्ध्या कागदावर पसरून बसली होती. पुढच्या पानावर ऑफिसची टीप, संमती अपूर्ण, प्रस्ताव परत.

माहे कान तापले. सगळं आठवलं. त्या साली रूपरावचे दोन गोऱ्हे माह्या वांग्यात घुसले अन् सारी वाडी चरून गेले. रूपरावच्या बंडीले वाट मिळूच नये म्हणून मी त्याच तावात सेलूले गेलतो अन् हा कागद देऊन आलतो. आठ महिन्यांनी रूपराव पोराच्या, मुकेशच्या, लग्नाचं निमंत्रण घेऊन घरी आला, ओसरीत बसला. गोपिकेनं सांबारवडी वाढली, त्यानं सात खाल्ल्या. आमच्याकडं एकदा ताटावर बसलं की भांडण मिटलं, पुन्हा त्याचं नाव काढाचं नाई. मुकेशच्या वरातीत तं मी नाचलो. पण ऑफिसात जाऊन 'आमचं मिटलं' असं सांगतलं काय कोणी? आमच्याकडं कोणीच सांगत नाई. भांडण मिटलं तसा तो कागदही माह्या डोक्यातून मिटलता. मले तो कागद वाटलाच नवता, भांडण वाटलतं.

ज्या पानाची नक्कल पाह्यजे, त्याले काजल चिठ्ठी लावत होती. या पानावर तिचा हात थांबला. मॅडमचं आमच्याकडं लक्ष नवतं. काजल हळूच म्हणाली, "बाबा, हे पान घ्याचं?"

नसतं घेतलं तं कोणाले कळणार होतं? नवी संमती गुपचूप देली असती, गावात सांगतलं असतं, साहेब लोकायनं फाइल दाबलती, मी सोडवून आणली. हार घातले असते लोकायनं मले. खरं सांगतो, एक घडी मन तिकडं गेलं. मंग छपरीतली उलटी पाटी डोळ्यांपुढं आली.

"घे," मी म्हटलं. "दोन नकला घे. एक घरी लागन, एक गावाले."

काजलनं माह्याकडं पाह्यलं. तिच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी मी जसा तिच्याकडं पाहत होतो ना, तशी. बाप झाल्याचं सार्थक झालं मले त्या ऑफिसात, अन् तेही आपलीच चोरी सापडली त्या दिवशी!

संध्याकाळी गोपिका सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती. मी कागद तिच्यापुढं ठेवला अन् सगळं सांगतलं. तिनं एक जुडी बांधली, दुसरी बांधली, तिसरी बांधली.

"दहा वर्षं?"

"हो."

"अन् मी पांदणीले शिव्या घातल्या."

एवढंच. मंग ती माह्यासंगं सव्वीस जानेवारीपर्यंत बोलली नाई. जेवाले वाढे, पण मीठ मागतलं तं डबा असा आपटे की शेजारी रूपरावले ऐकू जाय.

झेंडा झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. बाबारावनं नाल्याकडच्या रस्त्याचा विषय वाचला. मी उभा राह्यलो. 

"थांबा. माह्याजवळ कागद हाय."

"काय गा, चोर सापडला काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"सापडला. ऐका."

अन् मी वाचलं. एक इंचही जागा देणार नाही, सक्त हरकत, सगळं वाचलं. खालचं नावही वाचलं, मोठ्यानं.  मी म्हटलं, "बाबाराव, मी तुमाले चारचौघांत रस्ताखाऊ म्हटलं. माफीही चारचौघांतच मागतो. रस्ता मी खाल्ला." बाबारावनं खुर्चीवरून उठून माहा हात धरला. तेवढ्यात रूपराव उठला, "लिहून घ्या सरपंच, गोऱ्हे माहे होते! अर्धी चूक मले द्या!" तवा कुठं लोक हासले. तो दहा वर्षांत त्या गोऱ्ह्यांबद्दल पहिल्यांदा बोलला.

पांदणीचा ठराव एकमतानं झाला. उन्हाळ्यात मुरूम पडला, आता मालाचा अ‍ॅटो वांग्यांच्या वाफ्यापर्यंत येते अन् गोपिका पुढच्या सीटवर बसून बाजारात जाते. गावातले लोक आता अर्ज लिवाले माह्याकडं येतात. मी आधी त्यायचे सारे काऊन खोडतो, मंग बजावतो, कागद मागून राह्यला तं आपलंही नाव निघू शकते, छाती असन तं तिकीट लाव. हे सांगताना माही छाती फुगते, फुगू द्या.

पण त्या दिवशीचं शेवटचं सांगाचं राह्यलं. बाबारावनं संमतीचा कागद टेबलावर ठेवला अन् म्हणाला, "सातबाऱ्यावर आता गोपिकाबाईचंही नाव हाय. दोघांच्याही सह्या लागतीन." मी पेन उचललं. बायायच्या घोळक्यातून गोपिका उठली, सगळ्यायच्या मधातून चालत आली अन् माह्या हातातून पेन घेतलं.

"यायच्या एका सहीनं मी दहा वर्षं पाटी वाह्यली," ती सभेले म्हणाली. "आता वर सही माही. यायची खाली."

मोडलेल्या मनगटानं तिनं एक एक अक्षर लिवलं. वेळ लागला. पण पटांगणात कोणी हाललं नाई. मंग पेन माह्याकडं देलं, अन् कितीक दिवसांनी माह्याशी बोलली, "करा."

मी तिच्या नावाखाली सही केली. शेपटी नाई काढली.