चुंबळीचा मार्का

साहेब, तुम्ही माझा पत्रा उचलून नेला, ते एक वेळ सोडून देतो. पण पत्रा कापणाऱ्या माणसाला स्वतःचं काही सुचूच शकत नाही, हे तुम्ही कचेरीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं. तो गुन्हा मी तुमच्यावर लावून राह्यलो. तुमच्याकडं मराठी वाचणारा कारकून आहे, त्याच्याकडून हे वाचून घ्या.

मी भुजंग. जालन्यात कापसाच्या गठाणींवर जे मार्के उमटवतात, त्यांचे पत्रे मी कापतो. पत्र्यात चित्र कापायचं, पत्रा गठाणीवर दाबून धरायचा, वरून शाईचा ब्रश फिरवायचा. हमालांना वाचता येत नाही, पण घोडा कोणाचा आणि कमळ कोणाचं हे त्यांना बराबर कळतं. हे काम मला कडूबानं शिकवलं. लिहायला मात्र मी दुकानांच्या पाट्या बघून शिकलो, म्हणून अदब कमी पडली तर तशीच वाचा.

मूलचंद शेठ यंदा भावापासून वेगळे झाले. त्यांना नवीन मार्का पाहिजे होता. मी लक्ष्मी काढून नेली. शेठाणी बसंतीबाई आतून म्हणाल्या, हमाल गठाणीवर पाय देऊन चढतात, देवाला पाय लागेल. वाघ नेला, तर जैनाच्या मालावर शिकारीचं जनावर कसं चालेल? मोर आणि हत्ती दुसऱ्या व्यापाऱ्यांनी आधीच घेतलेले. मंग मला काही सुचेना. सुचत नाही तेव्हा काय होतं, तुम्हाला ठाऊक नसेल. जेवण गोड लागत नाही. बायको बोलली की वाटतं, एवढ्यात येत होतं ते हिच्यामुळं गेलं. येत तर काहीच नसतं. लोकांना वाटतं, कल्पना वरून उतरते. मी आभाळाकडं पाहून पाहून मान दुखवून घेतली.

शेवटी चिडून जीनमध्ये, कापसाची सरकी काढतात त्या कारखान्यात, जाऊन बसलो. तिथं कापसाची ओझी वाहणारी एक बाई पाणी प्यायला थांबली. डोक्यावरची चुंबळ काढून तिनं माझ्यासमोरच्या गठाणीवर ठेवली. ओझ्याखाली घ्यायचं ते चिंध्यांचं कडं. जुन्या लुगड्याचे पट्टे पिळून केलेलं, मधे रिकामं. तिच्यासारख्या शेकडो बाया रोज माझ्यापुढून जातात. त्या दिवशीच मला ते दिसलं. का दिसलं, ते मला सांगता येत नाही. पाणी पिऊन होईपर्यंत मी जमिनीवर खडूनं चित्र काढलं होतं.

आता कामाची गोष्ट ऐका. पत्र्यात कडं अख्खं कापलं तर मधला गोल सुटून खाली पडतो. म्हणून मधला गोल धरून ठेवायला पट्ट्या सोडाव्या लागतात. मी सोडल्या, त्या पिळाच्याच अंगानं. शेठजी खूश झाले. गठाणी स्टेशनच्या मालधक्क्यावर गेल्या, आणि तिथं तुम्हाला त्या पट्ट्यांत चाकाचे आरे दिसले. चाक म्हणजे चरखा. चरखा म्हणजे सरकारविरुद्ध उठलेल्या झेंडेवाल्यांचं काम. माल अडकला, आणि शेठजींना नि मला कचेरीत उभं केलं.

मी तुमच्यासमोर कातर लावून पट्ट्या कापून दाखवल्या. गोल तुमच्या टेबलाखाली पडला. तुम्ही तिकडं पाह्यलंही नाही. तुमचा एकच सवाल, "किसके कहने पे बनाया?" मी म्हटलं, कोणाच्याच नाही. तुम्ही हसलात. म्हणालात, पत्रेवाल्याला असलं कोणी तरी सांगितल्याशिवाय सुचतं का? नाव लिही, सही कर, माल सुटेल.

शेठजी घाबरले होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, की याचा उस्ताद होता, कडूबा, मागच्या साली वारला. तुम्हाला मेलेलाही चालला. टाक माझ्या हातात दिला. मी लिहीना, तेव्हा शुक्रवारच्या सुट्टीनंतर कागद भरून आण म्हणालात.

बाहेर आल्यावर शेठजी माझा हात धरून बोलले. त्यांना मी दोष देत नाही. नवीन धंदा, माल उघड्यावर पडलेला, आणि भाऊ हसायला टपलेला.

"भुजंग, कडूबा जिता असता तर तोच म्हणाला असता, लिही बाबा माझं नाव."

"म्हणाला असता, शेठजी," मी म्हटलं. "म्हणूनच लिहवत न्हाई."

त्यांनी माझा हात सोडला. म्हणाले, तुला पटेल ते कर, पण जल्दी कर.

मंग मी त्या बाईकडं गेलो. तिचं नाव मी लिहिणार नाही, शोधत बसा. सगळं ऐकून ती म्हणाली, "माझं लिही की मंग. चुंबळ माझीच व्हती."

"मावशी, तुला तिच्यात कधी काही दिसलं होतं का?"

"डोक्यावरची वस्तू दिसती व्हय रं कुणाला?" ती म्हणाली आणि खूप हसली. मंग तिनं चुंबळ हातात घेतली, उलटीपालटी करून पाह्यली, आणि जरा लाजून म्हणाली, चांगली दिसती की.

साहेब, कागद भरून सोबत देऊन राह्यलो. 'कोणाच्या सांगण्यावरून' या जागेवर मी भुजंग असं लिहिलंय, आणि खाली सहीही भुजंगचीच आहे. चुंबळ तिची, कातर कडूबानं हातात दिलेली, माल शेठजींचा. हे सगळं मी मान्य करतो. पण ते चित्र मला दिसलं. मला कोणी सांगितलं नाही. चरखा असता तर चरखा काढला म्हणून लिहिलं असतं, तेवढी छाती आहे.

शेठजींचा माल सोडा. मला आत टाकायचं तर टाका. पण आधी एवढं लेखी सांगा, त्या जागेवर माझं नाव तुम्हाला का चालत न्हाई?