दोन बोटं जास्त

शिंप्याच्या घशात गाठ निघाली आणि सात आठवडे रेडिएशन द्यायचं ठरलं. त्याआधी दवाखान्यातली नर्स त्याला घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली. गिळायला त्रास किती, दुखतं किती, सगळ्याला शून्य ते दहा आकडे द्यायचे. मग उपचारात माणसाचे किती हाल होतील, ते कॉम्प्युटर सांगणार.

चाळीस वर्षांत शिंप्याने कुणाचा कपडा अगदी अंगाबरोबर बेतला नव्हता. आजचं बारीक गिऱ्हाईक उद्या अंगाने सुटतं, म्हणून शिवणीत दोन बोटं माया जास्त सोडायची, हा त्याचा खाक्या. गिळायचा त्रास दोन होता, त्याने चार सांगितला. दुखणं एक, सांगितलं तीन. वजनात मात्र काही करता येईना, काटा समोरच होता.

कॉम्प्युटरने हिशेब केला: अशा शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांना तोंडाने जेवता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात नळी आधीच घालून ठेवू. शिंप्याचं तोंड एवढंसं झालं. दुपारी दोनला दुकान बंद करून बायकोसमोर जेवायला बसायचं, याखेरीज त्या माणसाने आयुष्यात चैन केली नव्हती. नळीने जेवणाऱ्यासमोर कोण कशाला बसेल, या विचाराने तो खरोखर घाबरला.

सोबत आलेल्या बायकोने आकड्यांचा कागद वाचला. "गिळायला त्रास चार? मग काल तिसऱ्यांदा वाढून कुणी घेतलं?"

"थोडी माया सोडली होती," शिंपी नर्सला म्हणाला. "पुढे त्रास वाढला तर असावी म्हणून."

"पुढचं मशीनच हिशेबात धरतं, काका. तुम्ही आजचं सांगा."

आकडे पुन्हा भरले. नळीची शक्यता एकतीसवर आली आणि नळी टळली. त्याच कागदावरचा, तोंड कायमचं कोरडं पडण्याचा आकडा मात्र सत्तरवरून हलला नाही. किरण लाळेच्या ग्रंथींवरूनच जाणार होते, तिथे शिंप्याच्या बोलण्याला किंमत नव्हती. एकतीसच्या आनंदात त्याने सत्तरकडे पाहिलंही नाही.

पाचव्या आठवड्यात घसा आतून सोलून निघाला. वाटीभर पातळ सूप संपवायला दीड तास लागे, आणि नाकी नऊ येत. बायको तेवढा वेळ आपलं ताट गार करत समोर बसून राहायची. नळी शेवटपर्यंत लागली नाही, पण वजन अकरा किलोंनी उतरलं.

उपचार संपून महिना झाल्यावर तो दुकानात आला आणि स्वतःचीच घसरणारी पँट कमरेत आत घ्यायला बसला. सवयीने दोऱ्याचं टोक जिभेला लावलं. जीभ कोरडीठाक. पुन्हा लावलं. दोरा सुईपाशी येऊन विस्कटत राहिला. दोऱ्याचं कॉम्प्युटरने काही विचारलंच नव्हतं. शिंप्याचे डोळे भरून आले. डबा घेऊन आलेल्या बायकोने त्याच्या हातातून दोरा घेतला, स्वतःच्या जिभेवर ओला केला, ओवला आणि सुई परत दिली.

शिवण झाली तेव्हा कमरेत आतल्या बाजूने चांगलं चार बोटं कापड उरलं होतं. बोचेल म्हणून बायकोने कात्री उचलली.

"कापू नकोस," शिंपी म्हणाला. "पुढे पुन्हा उसवावी लागेल."

तिने कात्री खाली ठेवली. दोन वाजत आले होते, म्हणून तिने डबा उघडला.